टर्बो आणि लांब स्विंगआर्मवाली हायाबुसा रोज चालवता येते का? चालवलेल्यांनीच सांगा

चौथागिअर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितोच. माझ्याकडे सुझुकीची दुसऱ्या पिढीची हायाबुसा (सगळे बुसाच म्हणतात) आहे, १३४० सीसीवाली. सहा वर्षं झाली, ५२ हजार किमी झालेत आणि आजपर्यंत तिने मला एकदाही रस्त्यात उभं केलेलं नाही. एक्झॉस्ट बदललाय, एअर फिल्टर आणि मॅप (इंजिनाच्या संगणकातली पेट्रोल आणि स्पार्कची सेटिंग) केलाय, बाकी सगळं कंपनीचं.

मागच्या महिन्यात एका बंद धावपट्टीवर ड्रॅग डे (सरळ पट्टीवर वेगाने पळवायचा दिवस) होता, तिथे ओळखीतल्या एकाने त्याची टर्बोवाली बुसा मला दोन फेऱ्यांसाठी दिली. काय सांगू. तिसऱ्यात टाकली, मूठ पिळली, क्षणभर काहीच झालं नाही आणि मग पाठीमागून कोणीतरी उचलून फेकावं तशी गाडी सुटली. मी हेल्मेटच्या आत ओरडत होतो हे थांबल्यावर घसा दुखायला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून माझी गाडी चालवताना सारखं वाटतं की हिच्यात काहीतरी राहून गेलंय.

तर डोक्यात असं आहे: टर्बो किट (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा), ८ इंच लांब स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), मागे २४० चा टायर, गाडी थोडी खाली करायची. पण याच गाडीवर मी रोज कामाला जातो, जाऊन येऊन ६० किमी, आणि वर्षातून दोनदा बायकोला मागे बसवून लांबची ट्रिप असते. दुसरी गाडी ठेवायला जागा आहे पण आत्ता तरी हीच एक आहे. एकच गाडी दोन्ही करेल का? व्हिडिओ बघून बोलणारे खूप भेटले, मला ज्यांनी अशी गाडी स्वतः वर्ष-दोन वर्षं वापरली आहे त्यांचं ऐकायचंय.

तेलकट_हात

चौदा वर्षं हेच काम करतोय म्हणून सरळ बोलतो, राग मानू नकोस. टर्बो हे शेवटी करायचं काम आहे, सुरुवातीला करायचं नाही.

आधी गणित समज. हवेचा नेहमीचा दाब १४.७ पीएसआय. ७ पीएसआय बूस्ट (टर्बोचा वरचा दाब) दिलंस म्हणजे सिलिंडरमध्ये साधारण दीडपट हवा कोंबलीस. चाकावर १६० एचपी असतील तर कागदावर २४० च्या आसपास होतात, आणि तेवढं बूस्ट नीट मॅप केलेलं मूळ इंजिन सोसतंही. लोक इथेच फसतात, कारण ७ सोसलं म्हणजे १२ पण सोसेल असं वाटायला लागतं. तुझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, १२.५ ला १ आहे. हे विनाटर्बो इंजिनाला उत्तम, बूस्टला वाईट, कारण दाबलेली हवा आधीच गरम असते, ती अजून दाबली की स्पार्क पडायच्या आधी किंवा पडल्यावर कुठेतरी कोपऱ्यात मिश्रण आपोआप भडकतं. ते नॉकिंग. मोठ्या बूस्टवर असे काही सेकंद पुरतात पिस्टनला भोक पडायला. म्हणून सिलिंडरखाली जाड स्पेसर प्लेट टाकून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन खाली आणतात. मग हेडचे स्टड दणकट पाहिजेत नाहीतर हेड उचललं जातं आणि गॅस्केट जातं. मोठे इंजेक्टर, मोठा पेट्रोल पंप. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक, नाहीतर बूस्टच्या दाबाने इनटेक व्हॉल्व्ह जागेवर नीट बसत नाहीत. क्लच तर पहिल्याच दिवशी घसरेल, त्याला लॉकअप (फेरे वाढले की प्लेटा जास्त घट्ट दाबणारी सोय) लागतो. टर्बो खाली, एक्झॉस्टपाशी बसतो, बऱ्याच किटमध्ये इंजिनातल्या तेलाच्या पातळीच्याही खाली, त्यामुळे तिथून तेल परत वर खेचायला वेगळा पंप. तो पंप मेला की टर्बो तेल प्यायला लागतो आणि मागे निळा धूर.

एक गाडी माझ्याकडे ढकलत आणली होती. मालकाने नेटवरून कोणाचा तरी मॅप उतरवून टाकला होता, त्याच किटचा, त्याच इंजिनाचा, पण ज्याचा मॅप होता त्याचे इंजेक्टर वेगळे. बूस्टवर एअर-फ्यूल (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) साडेअकराच्या आसपास असायला पाहिजे तिथे तो साडेतेराला चालवत होता. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनमध्ये अंगठा जाईल एवढं भोक. पोरगा माझ्यासमोर काही बोलला नाही, नुसता तो पिस्टन हातात धरून बसला होता. मलाच वाईट वाटलं.

तेव्हा करायचंच असेल तर वाइडबँड सेन्सर (एअर-फ्यूल मोजणारा), डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) बसून केलेला मॅप आणि बूस्ट जास्त झालं तर इग्निशन कापणारी सोय या तीन गोष्टींवर पैसे वाचवू नको. चमचमीत पाइप नंतर घे.

बूस्ट_गेज

तू म्हणालास ज्यांनी वापरली त्यांनी सांगा, म्हणून लिहितो. चार वर्षं, २६ हजार किमी, टर्बो बुसा, पहिल्या पिढीची. अजून माझ्याकडेच आहे आणि विकणार नाही.

आधी चांगलं, कारण ते खरंच चांगलं आहे आणि लोक ते सांगताना उगाच लाजतात. हळू चालवताना ती जवळजवळ साध्या गाडीसारखी चालते. चाळीस-पन्नासने जाताना टर्बो झोपलेला असतो, त्याची बारीक शिट्टी तेवढी येते. आणि मग मोकळा रस्ता मिळाला की तू मूठ जितकी उघडशील तितकी ती देत राहते, आणि हे "देत राहते" शब्दांत सांगता येत नाही. साध्या इंजिनात तुला कळतं की आता इथून वर काही नाही. इथे तळ लागत नाही. माणसाला याचं वेड का लागतं ते तुला दोन फेऱ्यांत कळलंच आहे, ते मी नाकारणार नाही.

आता रोजचं. उजव्या पायाला उष्णता लागते, पाइप गुंडाळलेत, शील्ड लावलीये, तरीही. रहदारीत दहा मिनिटं अडकलो की तापमानाच्या काट्याकडे लक्ष जातं आणि मग रस्त्याकडे जायला हवं तेवढं जात नाही, मला हे सगळ्यात जास्त खटकतं. तेल मी १५०० किमीला बदलतो. जोरात चालवल्यावर लगेच बंद करायची नाही, दोन-तीन मिनिटं तशीच सुरू ठेवायची, कारण टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते आणि तेलाचा प्रवाह एकदम थांबला तर आतलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणजे कामावर पोचलास, उशीर झालाय, आणि तू पार्किंगमध्ये गाडीशेजारी उभा. रोज. लॉकअप क्लचमुळे क्लच तसा हलका राहिला पण क्लच प्लेटा वर्षाला एक सेट. क्लॅम्प सैल होतात, होज निसटतो, एकदा भर पावसात होज निसटला आणि गाडी रडतखडत घरी आणली. आता सीटखाली दोन क्लॅम्प आणि पाना कायम.

आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही: तू हिच्यावर निवांत चालवत नाहीस. मी आधी गाडीवर बसून विचार करायचो, गाणी गुणगुणायचो. आता मी तिचा आवाज ऐकत असतो, हा टक टक कसला, हा वास कसला. मला ते आवडतं, मी तसाच आहे. पण मागे बायको असेल तर तू तिच्याशी बोलायला हवंस, वेस्टगेटशी (बूस्ट आवरणाऱ्या झडपेशी) नाही.

मी स्विंगआर्म ६ इंच लांब केला होता. दीड वर्षाने मूळचा परत लावला. सरळ रेषेत मस्त होतं, पुढचं चाक खाली राहतं, पण वळणात गाडी वळतच नाही, तिला अक्षरशः विनवावं लागतं, आणि यू-टर्न म्हणजे तीन वेळा पुढे-मागे.

एक गोष्ट सांगून थांबतो. २०११ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या लोरिंगच्या जुन्या हवाई तळावर बिल वॉर्नर यांनी टर्बो हायाबुसावर ३११.९४५ मैल, म्हणजे ताशी ५०२ किमी गाठले, दीड मैलाच्या अंतरात. माणूस बसतो तशी बसायची बाइक, सिगारसारखी बंद गाडी नव्हे. मी त्या फोटोतली गाडी बघूनच या नादाला लागलो. २०१३ मध्ये त्याच पट्टीवर एका मैलात ३०० मैलांचा वेग गाठायच्या प्रयत्नात ते गेले. त्यांची तयारी, त्यांचा अनुभव, मोकळी पट्टी, आजूबाजूला डॉक्टर आणि रुग्णवाहिका, आणि तरीही. हे घाबरवायला सांगत नाहीये. मी दर वेळी हेल्मेट घालताना त्यांची आठवण काढतो एवढंच.

सहावा_सोबती

एवढ्या कटकटीपेक्षा कावासाकी एच२ घे ना भाऊ. कारखान्यातूनच सुपरचार्जर येतो, ९९८ सीसी, इम्पेलर क्रँकच्या नऊपटीहून जास्त वेगाने फिरतो, कॉम्प्रेशन मुळातच ८.५ ठेवलंय कारण बूस्ट डोक्यात ठेवूनच इंजिन आखलंय. वॉरंटी येते. फक्त पट्टीवर चालवायची एच२आर तर ३१० पीएस. २०१६ मध्ये तुर्की रेसर केनान सोफुओग्लू यांनी तुर्कस्तानात उस्मान गाझी पुलावर २६ सेकंदांत ४०० चा आकडा दाखवला होता, तो त्याच गाडीवर.

ऑइलकूल्ड_११२७

वरचा सल्ला चुकीचा नाही पण विचारणाऱ्याचं दुखणं ते नाहीये असं मला वाटतं. त्याला जोरात जाणारी गाडी नकोय, ती त्याच्याकडे आहे. १९९९ साली हायाबुसा आली तेव्हा ३०० च्या वर जाणारी ती पहिली रस्त्यावरची गाडी होती आणि त्यानंतर कंपन्यांनीच आपसात ठरवून २९९ ला लगाम घातला. त्याला *त्याची* गाडी पाहिजे. या दोन भुका वेगळ्या आहेत.

मी पंचवीस वर्षं गाड्या जोडतोय. आत्ता जी आहे तिच्यात १९८९ च्या जीएसएक्स-आर ११०० चं ११२७ सीसी तेलाने थंड होणारं इंजिन आहे, चौकट दुसऱ्याच गाडीची, फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक) तिसरीचा, टाकी मी स्वतः वेल्डिंग करून चौथ्या प्रयत्नात जमवली. चाकावर १३५ एचपी. तुमच्या आकड्यांपुढे काहीच नाही. पण अंधारात चावी लावली की कुठला आवाज कुठून येतो ते मला माहीत आहे कारण प्रत्येक बोल्ट मी घट्ट केलाय.

मॉडिफिकेशन म्हटलं की आज सगळे एचपीच बोलतात. जुन्या लोकांनी काय केलं बघा. ट्रायटन म्हणजे ट्रायम्फचं जुळं इंजिन नॉर्टनच्या फेदरबेड चौकटीत. इंजिन ट्रायम्फचं चांगलं होतं, चौकट नॉर्टनची, कारण १९५० मध्ये रेक्स मॅकँडलेस यांनी आखलेल्या त्या चौकटीसारखं वळणारं तेव्हा दुसरं काही नव्हतं. पोरांनी दोन्ही चांगल्या गोष्टी एकत्र आणल्या, संपलं. किंवा इटलीचे मास्सिमो ताम्बुरिनी. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर होंडा सीबी७५० वरून पडले, फासळ्या मोडल्या. इंजिन भन्नाट पण चौकट त्या ताकदीला पुरत नाही असं त्यांचं मत झालं आणि बरं झाल्यावर त्यांनी त्याच इंजिनासाठी स्वतः चौकट बनवली. त्यातून बिमोटा ही बाइक कंपनी उभी राहिली. तोवर ते आणि त्यांचे भागीदार इमारतींमध्ये गरम हवेच्या नळ्या बसवायचा धंदा करायचे. पुढे याच माणसाने डुकाटी ९१६ आखली. म्हणजे मॉडिफिकेशनमधली सगळ्यात सुंदर परंपरा ताकद वाढवण्याची नाहीये, असलेली ताकद माणसाच्या हातात आणून देण्याची आहे. मी हे मनापासून मानतो.

आणि टर्बोबद्दल. कंपन्यांनी हे करून बघितलंय. १९८२ मध्ये होंडाची सीएक्स५०० टर्बो, यामाहाची एक्सजे६५०, मग सुझुकीची एक्सएन८५ आणि शेवटी कावासाकीची जीपीझेड ७५० टर्बो, जी माझ्या मते त्यातली सगळ्यात भारी, कारण टर्बो पुढे एक्झॉस्टच्या तोंडाशीच बसवला होता म्हणून लॅग (मूठ पिळल्यावर ताकद यायला लागणारा वेळ) कमी. दोन-चार वर्षांत सगळ्या बंद. का? १९८४ ला जीपीझेड९००आर आणि १९८५ ला जीएसएक्स-आर७५० आल्या, तेवढीच ताकद, कमी वजन, नळ्यांचं जंजाळ नाही.

वळणवेडी

मी लिटर क्लास बाइकवर ट्रॅक डे करते आणि रोज पण तीच चालवते, म्हणून दोन गोष्टी. थोडं गणित आहे, कंटाळू नका.

गाडी, पेट्रोल, चालवणारा मिळून ३४० किलो धरा. पुढचं चाक उचलायच्या आधी गाडी किती जोराने पळू शकते हे इंजिनावर नाही तर वजनाचा मध्य मागच्या चाकापासून किती पुढे आणि जमिनीपासून किती वर आहे यावर ठरतं. कंपनीच्या लांबीच्या गाडीला ती मर्यादा साधारण १ जी (वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग जसा वाढतो तेवढी) येते. आता ३४० किलोला १ जी ने ढकलायला १०० च्या स्पीडला चाकावर सव्वाशेच्या आसपास एचपी लागतात, वाऱ्याचे थोडे वेगळे. ५० च्या स्पीडला निम्मे. म्हणजे शंभरच्या आत तुझी मूळची गाडीच पुढचं चाक उचलते आहे, तिथे २४० एचपी नुसते पडून राहणार. त्यांचा उपयोग सुरू होतो दीडशेच्या पुढे. आणि वरच्या टोकाला वारा आडवा येतो, त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, ताकद दुप्पट केलीस तरी टॉप स्पीड सव्वापटच वाढतो.

दादा, तू रोजच्या ६० किलोमीटरमध्ये दीडशेच्या पुढे किती वेळ असतोस? प्रामाणिकपणे मोज. एक आठवडा मोज आणि मग ठरव.

लांब स्विंगआर्म ही मर्यादा वाढवतो हे खरं, म्हणूनच ड्रॅगवाले लावतात. पण त्याची किंमत वळणातच द्यावी लागते असं नाही. मागच्या शॉकवर लिव्हरेज वाढतं, तीच स्प्रिंग आता मऊ वागते, मागे माणूस बसला की गाडी बसते. बरेच लोक मग गाडी खाली पण करतात, म्हणजे सस्पेन्शनला हलायला जागाच उरत नाही, खड्डा थेट कण्यात. आणि २४० चा टायर: जितका रुंद टायर तितका झुकल्यावर टेकण्याचा भाग मधल्या रेषेपासून बाजूला सरकतो, त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला तुला गाडी जास्त झुकवावी लागते. उभी असताना देखणी दिसते हे मान्य.

त्या पैशाच्या एक चतुर्थांशात पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगा तुझ्या वजनाच्या बसव, मागचा शॉक रिबिल्ड कर, स्टीलच्या विणीचे ब्रेक होज टाक, चांगले पॅड. हे तुला पहिल्या किलोमीटरपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक क्षणी जाणवेल, फक्त मोकळ्या रस्त्यावरच्या आठ सेकंदांत नाही. माझ्या गाडीला मी इंजिनमध्ये एक बोल्ट हलवलेला नाही आणि ती मी घेतली तेव्हापेक्षा ट्रॅकवर चार सेकंदांनी जलद आहे, त्यातले तीन माझ्या हाताचे असतील, तरी.

चौथागिअर

एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. वळणवेडी ताई, मोजलं. फोनमध्ये जीपीएस लॉग लावून आठवडाभर चालवली. दीडशेच्या पुढे एकूण साडेतीन मिनिटं, तीही एका पहाटे मुद्दाम गेलो म्हणून. आकडा बघून जरा गप्प झालो.

पण खरं सांगू का, त्या साडेतीन मिनिटांसाठीच मी पहाटे उठलो होतो. हे गणितात कुठे बसवायचं?

बूस्ट_गेज, दोन प्रश्न. बायकोला मागे बसवून लांब गेला होतास का? आणि विम्याचं काय करतोस?

बूस्ट_गेज

एकदा गेलो. साडेचारशे किमी. ती काही बोलली नाही पण पुढच्या वेळी म्हणाली आपण बसने जाऊ. टाकीत पेट्रोल तेवढंच मावतं आणि मी हात आवरून चालवली तरी मूळच्या गाडीपेक्षा पंपावर लवकर थांबावं लागतं. मागच्या माणसाला थ्रॉटलचा धक्का दुप्पट लागतो, पुढच्याला तयारी असते, मागच्याला नसते.

विमा: सगळं लेखी कळवलंय. हप्ता वाढला, वाढू दे. न सांगता चालवणारे मला माहीत आहेत आणि त्यातल्या एकाचा दावा सरळ फेटाळला गेला, गाडी त्याची चूक नसताना ठोकली गेली होती तरी. आणि मूळचे सगळे पार्ट तेल लावून खोक्यात ठेव, एकही विकू नको. मॉडिफाय गाडीला गिऱ्हाइक मिळतं ते पार्टांच्या भावाने, तुझ्या कष्टाचे पैसे कोणी देत नाही. माझा मूळचा स्विंगआर्म खोक्यात होता म्हणून मी परत फिरू शकलो.

तुझ्या त्या साडेतीन मिनिटांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पण नाही. मी पहाटेच उठतो.

वळणवेडी

गणितात नाही बसत ते, आणि बसवायचंही नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की ती साडेतीन मिनिटं विकत घ्यायला बाकीचे सगळे तास देऊ नकोस. ते तास पण तुझेच आहेत.

सस्पेन्शनला हात लावायच्या आधी सॅग (तुझ्या वजनाने ते किती बसतं ते) मोज, फुकट आहे. पुढच्या फोर्कवर झिप टाय बांध, गाडी उचलून चाक पूर्ण लटकलेलं असताना एक माप घे, मग पूर्ण गिअर घालून गाडीवर बस, कोणीतरी सरळ धरेल, आणि दुसरं माप. दोघांतला फरक रस्त्यासाठी ३५ मिमीच्या आसपास हवा. मागे पण तसंच, अ‍ॅक्सलपासून वर सरळ टेलच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत. प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) फिरवून जमत नसेल तर स्प्रिंग तुझ्या वजनाची नाही. बहुतेक लोक हे कधीच मोजत नाहीत आणि गाडीला नावं ठेवत बसतात.

तेलकट_हात

ताईशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे मोठ्या एचपीसाठी येणाऱ्या दहातल्या सात गाड्यांची चेन सैल आणि पुढचा टायर चौकोनी झिजलेला असतो. पहिल्यांदा ते करून देतो, मग बोलतो.

आणि पिकअपच पाहिजे असेल तर पुढचं स्प्रॉकेट १८ चं १७ करून बघ. सहा टक्के छोटं गिअरिंग, प्रत्येक गिअरमध्ये जाणवतं, तासाभराचं काम. टॉप स्पीड थोडा जातो. स्पीडोमीटर जास्त दाखवेल कारण सेन्सर तिकडेच आहे, त्याला दुरुस्तीची छोटी इलेक्ट्रॉनिक डबी मिळते.

चौथागिअर

अडीच महिन्यांनी परत आलोय, धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

सॅग मोजला. पुढे ५२ मिमी! म्हणजे सहा वर्षं मी बसलेल्या फोर्कवर चालवत होतो. स्प्रिंगा बदलल्या, मागचा शॉक रिबिल्ड केला, ब्रेक होज आणि पॅड, मागे १९०/५० ऐवजी १९०/५५ टायर, त्याने मागची बाजू थोडी वर आली. आणि १७ चं स्प्रॉकेट. कामावर जाताना एक लांबलचक उतरतं डावं वळण आहे, तिथे गाडी नेहमी मधेच बाहेर सरकायची आणि मी मूठ सोडायचो. मला वाटायचं जड गाडी आहे, असंच असणार. आता तिथे ती रेघ धरून जाते. पहिल्या दिवशी मी परत फिरून तेच वळण चार वेळा घेतलं, कामाला वीस मिनिटं उशीर झाला. बायको मागच्या ट्रिपला सहाव्या तासाला म्हणाली, आज पाठ दुखत नाहीये, काय केलंस? त्या धावपट्टीवर जे झालं होतं तसं हे नाही, वेगळं आहे, पण मला याची अपेक्षाच नव्हती.

ही गाडी आता अशीच राहणार. टर्बो डोक्यातून गेलेला नाही. एकाकडे पहिल्या पिढीची एक पडलेली बुसा आहे, २००३ ची, फेअरिंग आणि सबफ्रेम गेलंय, इंजिन फिरतंय म्हणतो. ती फक्त पट्टीसाठी बांधायची, रस्त्यावर आणायचीच नाही, सावकाश, दोन वर्षं लागली तरी चालेल. लांब स्विंगआर्म तिला. तेलकट दादा, त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११ ला १ आहे असं वाचलं, म्हणजे थोड्या बूस्टला ते माझ्यावाल्यापेक्षा बरं ना? घेण्याआधी काय बघू?

तेलकट_हात

हो, ११ च आहे आणि म्हणूनच थोड्या बूस्टवाले अजून ते शोधतात. घेण्याआधी थंड इंजिनावर सुरू करून आवाज ऐक, मग गरम झाल्यावर चारही सिलिंडरचं लीकडाउन (हवा किती गळते त्याची चाचणी). पडलेली आहे म्हणजे स्टिअरिंग हेडपाशी चौकटीला भेग किंवा रंग तडकलाय का ते नखाने बघ, फोर्क सरळ दिसले तरी काढून काचेवर लोळवून बघ. दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर निसटत असेल तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल, तो खर्च आधीच भावात धर. तेल काढताना चुंबक फिरव आणि जे येईल त्याचा फोटो इथे टाक, मग सांगतो घ्यायची की नाही.